शेगडीवरची फळी

मोठ्या बाई उंचीने काही मोठ्या नव्हत्या. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या माणसांनी त्यांना ते नाव दिलं होतं ते धाकापोटी, आणि निवृत्त झाल्यावरही ते त्यांच्यामागोमाग घरापर्यंत आलं. एका ओट्यावर नुसतं चिरायचं, दुसऱ्यावर नुसतं वाढायचं आणि तिसरा रिकामा हवा म्हणून रिकामाच ठेवायचा, असल्या ऐसपैस स्वयंपाकघरात त्यांचा जन्म गेला होता. अशा बाईवर आता एका व्हॅनच्या कोपऱ्यात, मांडीवर ताटली धरून कांदा चिरायची पाळी आली होती.

ओटा म्हणावा असा तो ओटाच नव्हता. डावीकडे दोन बशा विसळता येतील एवढं सिंक, उजवीकडे दोन बर्नरची बैठी शेगडी आणि मध्ये उरलेली वीतभर जागा. ताटली ठेवली की वाटीला जागा नाही, वाटी ठेवली की पातेल्यावरचं झाकण सिंकमध्ये. दोन कप तर शेजारी शेजारी मावतच नसत. म्हणून सकाळी आधी बाई आपल्यापुरता चहा करून घेत, कप विसळून ठेवत, आणि मग मिस्त्री उठले की त्यांच्यासाठी पुन्हा आधण ठेवत.

मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात ते हयातभर राबले होते, आणि निवृत्तीनंतर घरामागच्या अंगणात एक जुनी सामानवाहू गाडी आणून त्यांनी तिच्या पोटात पलंग, कपाट, टाकी आणि खिडक्या बसवल्या होत्या. कुठे म्हणून खिळा वर आलेला नाही की फट राहिलेली नाही. सगळ्याचा विचार केला, फक्त ओट्याचा राहिला. कारण ओट्याचा विचार करायला माणसाला ओट्यापाशी उभं राहावं लागतं, आणि मिस्त्री तिथे कधी उभे राहिलेच नव्हते.

बरं, ही भटकंती हौसेचीही नव्हती. बाई आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या, कायमच्या. घरात भांडण झालं होतं असं नाही. भांडायलासुद्धा दोन माणसांना बोलावं लागतं, आणि मिस्त्रींनी तर वर्षानुवर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. लेक लग्न होऊन दूर गेली तशी जेवणाच्या टेबलावर दोघांनाच बसायचं अवघड व्हायला लागलं, मग दोघं आपापलं ताट घेऊन वेगवेगळ्या खोल्यांत जेवायला लागली, आणि पुढे तर एकाच घरात भाडेकरू असल्यासारखी एकमेकांना वाट देत वावरायला लागली. भिंतीशी बोलून बोलून बाई थकल्या. ‘मी ताईपणा विसरून धाकटीच्या घरी राहीन म्हणते,’ असं त्यांनी एका संध्याकाळी सांगून टाकलं, तेव्हा मिस्त्री बराच वेळ हातातल्या पेचकसाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, “मी सोडतो तुला. या गाडीने.”

बाईंना वेगळं वाक्य ऐकायचं होतं. ते आलं नाही.

रस्ता लांबचा होता आणि मिस्त्री गाडी सावकाश हाकत होते. पलंगाखाली बाईंच्या दोन बॅगा होत्या आणि त्या बॅगांबद्दल दोघंही बोलत नव्हती. बोलणं झालंच तर डावीकडे वळा, पाणी भरून घ्या, एवढंच. त्या दिवशी मात्र मांडीवरची ताटली कलली, चिरलेला कांदा सगळा पायाशी सांडला, आणि बाईंचा पारा चढला.

“अहो, एवढी मोठी गाडी बांधलीत आणि मला कांदा ठेवायला जागा नाही,” त्या म्हणाल्या. “ती शेगडी काय चोवीस तास पेटलेली असते? तिच्यावर घालायला एखादं झाकण तरी करून द्या. तेवढाच ओटा मिळेल.”

मिस्त्रींनी शेगडीकडे पाहिलं, मग कांद्याकडे, आणि “हं” म्हणाले. त्यांचं ‘हं’ म्हणजे काम हातात घेतलं असा अर्थ असे, हे बाईंना ठाऊक होतं. एका तळ्याकाठी, झाडांच्या सावलीत त्यांनी गाडी उभी केली आणि पलंगाखालून एक जाड लाकडी फळी ओढून काढली. बाईंनी ती लगेच ओळखली. ती त्यांच्या जेवणाच्या टेबलाची होती. टेबल मोडून त्याचंच लाकूड मिस्त्रींनी गाडीत वापरलं होतं, आणि हा एक तुकडा उरला होता. त्यावर लेकीने शाळेत असताना कंपासने ओढलेली रेघही तशीच होती.

मिस्त्रींची कामाची एक रीत होती. माप घ्यायच्या आधी मध्ये येणारं सगळं काढून ठेवायचं, पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो तीनतीनदा बसवून बघायचा आणि मगच लाकडाला करवत लावायची. त्यांनी साचा कापला, फळी कापली, ती घसरू नये म्हणून खालून पट्ट्या ठोकल्या, उचलायला एका कडेला बोट जाईल एवढं भोक पाडलं, आणि आणून शेगडीवर ठेवली. फळी इतकी चपखल बसली की बाईंनी नकळत मान डोलावली. मग त्यांचं लक्ष मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं आणि त्या हसायलाच लागल्या. शेगडीची दोन्ही बटणं खिशात होती. मध्ये येतात म्हणून साहेबांनी आधी ती उपटून ठेवली होती आणि सगळी मापं बिनबटणाच्या शेगडीची घेतली होती.

“आता गॅस खिशातून पेटवायचा का?” बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी खिसा चाचपला आणि चक्क मिशीत हसले. बटणांपुरती खाच पाडायला त्यांना पुन्हा बाहेर जावं लागलं. मग पॉलिश पेपरने कडा घासून, तेलाचा हात फिरवून त्यांनी फळी पुन्हा आणून बसवली, आणि एकच नियम सांगितला, “शेगडी पुरती गार झाल्याशिवाय फळी ठेवायची नाही. लाकूड खराब होतं.”

त्या संध्याकाळी बाईंनी फळीवर कांदे, टोमॅटो, पाव, दोन वाट्या आणि लोण्याचा डबा असा सगळा पसारा मांडला आणि उगाचच जरा वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना बरं वाटलं. असं बरं किती दिवसांनी वाटतंय, हे काही त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी बाईंना जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि मिस्त्री भिंतीकडे तोंड करून घोरत होते. पलंग गाडीच्या मागच्या टोकाला होता. मध्ये जाड पडदा, त्याच्या अलीकडे ओटा आणि बसायची जागा. बाई पडदा सारून पुढे आल्या आणि थबकल्या. फळीवर दोन कप शेजारी शेजारी ठेवले होते, दोन्हींवर बशा झाकलेल्या. त्यांनी एक बशी उचलली तर आतून वाफ आली.

बाईंनी वळून पडद्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःपुरताही चहा केला नव्हता. काल बटणं खिशात घालून हिंडले, त्यात शिकले वाटतं! आणि करून ठेवून पुन्हा पांघरूण ओढून झोपलेत, म्हणजे विचारायला नको की सांगायला नको. आता लक्ष देऊन ऐकलं तर ते घोरणंही जरा जास्तच खरं वाटत होतं. बाईंनी घोट घेतला. साखर अर्धा चमचा, दूध बेताचं, त्यांना हवा तस्सा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना रागही आला.

मिस्त्री उठून आले तेव्हा बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “चहा घ्या,” त्या म्हणाल्या, “गार होतोय.” मिस्त्रींनी कपाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कप तोंडाला लावला.

त्यांच्या घरात आभार मानायची पद्धतच नव्हती. कुणी कुणाचं काही केलं तर तोंडाने काही म्हणायचं नाही, हातांनी फेड करायची. तोंडाने बोलून दाखवलं तर केलेल्या कामाची किंमत कमी होते असं मिस्त्रींच्या आईचं मत होतं आणि लग्न होऊन आलेल्या बाईंनीही ते पुढे चालवलं होतं. तेव्हा त्या दिवशी बाईंनी मिस्त्रींच्या स्वेटरचं उसवलेलं कोपर शिवून काढलं. संध्याकाळी मिस्त्रींनी बाईंचा चष्मा मागून घेतला. त्याची काडी कित्येक महिने दोऱ्याने बांधलेली होती. ती त्यांनी कुठून तरी बारीकसा स्क्रू शोधून नीट बसवली आणि चष्मा पुसून फळीवर ठेवून दिला.

पुढच्या सकाळी पुन्हा दोन कप होते. त्याच्या पुढच्या सकाळीही होते.

एकदा मिस्त्री आधी उठले होते. बाई पडदा सारून आल्या तेव्हा ते आपला कप घेऊन बसलेले, आणि बाईंचा कप बशीखाली झाकलेला. “चहा घे,” ते म्हणाले, “गार होतोय.” बाईंना हसू आलं. आपलंच वाक्य आपल्याला परत देतोय म्हणजे माणूस अगदीच कामातून गेलेला नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. इतके दिवस त्या मागेच बसत होत्या.

आणि शेजारी शेजारी बसल्यावर, समोर रस्ता असल्याने एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं म्हणून असेल, मिस्त्री बोलायला लागले. आधी कारखान्याबद्दल बोलले. तिथे पत्र्यावर हातोडे पडायचे तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातवाऱ्यांनी बोलायचे. हे दे, ते धर, थांब, झालं. “घरी आलो की तसाच असायचो मी,” ते म्हणाले. “मला वाटायचं तुला कळतंय.” बाई म्हणाल्या, “मला तुमचे हात दिसतच नव्हते हो. तुम्ही पाठ करून बसायचात.” पुढच्या वळणावर मिस्त्रींनी गाडी नेहमीपेक्षाही हळू घेतली.

सगळं असं छान चाललेलं असताना बाईंना एक गोष्ट खटकली. एका सकाळी चहा झाल्यावर अंडी उकडायला म्हणून त्यांनी फळी उचलली, तर खालचा बर्नर हाताला चटका बसेल इतका गरम होता आणि फळीची खालची बाजूही तापलेली होती. स्वतः केलेला नियम मोडतील असे मिस्त्री नव्हते. रंगाचा ब्रश धुवायचा राहिला म्हणून सख्ख्या भावाशी दोन दिवस अबोला धरणारा हा माणूस! बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तेही फळीच्या तापलेल्या बाजूकडे बघत होते, पण ब्र काढला नाही. आपल्या चहासाठी नियमसुद्धा सोडला, असं मनाशी म्हणून बाईंनी तो विषय तिथेच ठेवला.

मग दुधाचं झालं. आदल्या संध्याकाळी दूध संपलं होतं. पिशवी बाईंनी स्वतः विसळून कचऱ्यात टाकली होती, आणि आसपास मैलोन्मैल माळाशिवाय काही नव्हतं. सकाळी फळीवरच्या दोन्ही कपांत दुधाचा चहा होता. बाईंनी कचऱ्याचा डबा उघडून बघितला. पिशवी रिकामीच होती, तशीच घडी घातलेली. ‘कुठून आणलंत?’ असं अगदी ओठांवर आलं होतं, पण विचारलं तर सोंग उघडं पडेल आणि उद्यापासून चहा बंद होईल अशी त्यांना भीती वाटली. खरं सांगायचं तर त्या भीतीचंच त्यांना जास्त नवल वाटलं. बहिणीच्या घरी चार दिवसांत आपण उतरणार, आणि इथला चहा बंद होईल म्हणून घाबरतोय.

त्यानंतर त्या जरा लक्ष देऊन चहा प्यायला लागल्या, आणि तेच चुकलं. कारण चवीच्या बाबतीत मोठ्या बाईंना फसवणं कुणाला जमलं नव्हतं. कोणत्या पातेल्यात कुणी डाव फिरवला हे त्या चमचाभर चाखून सांगत. हा चहा शिकाऊ हाताचा नव्हता. पाणी खळखळल्यावर क्षणभर थांबून मग पत्ती घातलेली, कप आधी गरम पाण्याने विसळून घेतलेले, दूध वेगळं तापवून वरून ओतलेलं. ही सगळी रीत एकाच माणसाची होती. तो चहा त्यांच्या स्वतःच्या हातचा होता.

बाईंनी कप खाली ठेवला आणि आपले हात नाकाशी नेले. साबणाचा वास आला. आपण झोपेत उठतो की काय? उठतो, पडदा सारतो, शेगडी पेटवतो, आणि पुन्हा येऊन पडतो? त्या रात्री झोपताना त्यांनी पायात जाड मोजे घातले आणि सकाळी त्यांचे तळवे निरखून बघितले. ते अगदी कोरे होते. गाडीच्या दाराची कडी आतून लावलेली होती. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून झोपले होते, आणि त्यांचं घोरणं खरंच होतं. ते सोंग कधीच नव्हतं, हे बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त त्यांना ते मान्य करायचं नव्हतं. फळीवर दोन कप वाफाळत होते.

तरी त्यांनी तो चहा टाकला नाही. प्यायल्या. भीती होती, पण तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं. कुणीतरी आपल्यासाठी उठतंय, हे इतक्या दिवसांनी मिळालेलं सुख सोडवत नव्हतं.

बहिणीचं गाव जवळ आलं. शेवटचा मुक्काम त्यांनी एका टेकडीवर केला, जिथून खाली त्या गावाची घरं दिसत होती. वाटेत दुकान लागलं तिथे बाईंनी दूध घेतलं. बहिणीचा फोन येऊन गेला, “ताई, खोली झाडून ठेवलीय. उद्या जेवायलाच या दोघं.” बाई बरं म्हणाल्या. मग त्यांनी फळीवर पाव कापला, सूप वाढलं, आणि दोघं फळीच्या दोन बाजूंना स्टुलं ओढून जेवायला बसली. जेवण होत आलं तेव्हा बाईंनी ठरवलं, की सासूबाईंची रीत आज मोडायची.

“अहो,” त्या म्हणाल्या, “एक सांगायचं होतं. रोज सकाळी चहा करून ठेवता, ते... मला फार बरं वाटलं. उद्या उतरायच्या आत सांगावंसं वाटलं.”

मिस्त्रींचा चमचा हातातच राहिला. “मी?” ते म्हणाले. “अगं, तूच करतेस ना?”



“तुम्ही चेष्टा करताय,” बाई म्हणाल्या.

“मला चहा येतो का? तू करून ठेवतेस आणि जाऊन झोपतेस, असं वाटलं मला. फळी गरम बर्नरवर ठेवतेस, तेही बघितलं मी. म्हटलं, जाऊ दे. एवढं माझ्यासाठी करते, त्यात फळीचं काय घेऊन बसायचं.”

 कोण येतं, कुठून येतं, हा प्रश्न नंतरचा. आधी त्यांना जे टोचलं ते वेगळंच होतं. स्वेटर शिवला, पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, हसल्या, बोलल्या, ते सगळं कशाच्या जोरावर? यांनी न केलेल्या चहाच्या. आणि यांनीही जे केलं ते आपण न केलेल्या चहाच्या. म्हणजे मधल्या मध्ये काही नव्हतंच.

“म्हणजे तुम्ही काहीच केलं नव्हतंत,” त्या म्हणाल्या. 

मिस्त्री गप्प झाले. बाईंना वाटलं, झालं, पुन्हा गुळणी धरली. त्या ताटल्या उचलायला लागल्या. तेवढ्यात मिस्त्रींनी हात पुढे करून त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढला, काडी उघडली, मिटली, आणि पुन्हा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला.

“चहा मी नाही केला,” ते म्हणाले. “पण ही काडी मी बसवली. आणि स्वेटर तू शिवलास. तो दुसऱ्या कुणी नाही शिवला.” मग एवढं बोलून दम लागल्यासारखे थांबले आणि म्हणाले, “उद्या उतरू नकोस. मला हे तेव्हाच म्हणायचं होतं. मला म्हणता आलं नाही, म्हणून मी सोडतो म्हणालो. गाडी हळू चालवली, एवढंच जमलं मला.”

बाई स्टुलावर बसल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पदराने टिपलं नाही, वाहू दिलं. मग फोन उचलून बहिणीला सांगितलं, की जेवायला येऊ, पण राहायला नाही. पलीकडून धाकटी म्हणाली, “मला वाटलंच होतं. चला, म्हणजे त्या खोलीत माझं शिलाई मशीन ठेवते.”

फोन ठेवल्यावर दोघांनी कडी पुन्हा तपासली, खिडक्या बघितल्या, पलंगाखाली वाकून बघितलं. बॅगांशिवाय काही नव्हतं. “कोण असेल?” मिस्त्रींनी विचारलं. बाईंनी फळीवरून हात फिरवला. ती स्वच्छ होती, कोरडी होती, नुसतं लाकूड.

“कोणी का असेना,” त्या म्हणाल्या. “रोज त्यांनी केला. उद्याचा आपण करू. लवकर उठू या.”

दोघं उठली तेव्हा नुकतं कुठे फटफटत होतं. पडदा सारताना बाईंचा जीव वरखाली होत होता. पण फळी रिकामी होती.  मिस्त्रींनी फळी उचलून बाजूला धरली, बाईंच्या सांगण्यावरून बटण फिरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चहाचं पाणी ठेवलं. “खळखळू द्या,” बाई कुजबुजल्या. “आता थांबा. आता पत्ती.” त्या अरुंद जागेत दोन माणसं कधी मावली नव्हती, आणि आता खांद्याला खांदा लावून आरामात उभी होती. दूध वेगळं तापलं. कप विसळून झाले. फळी शेगडीवर ठेवून, तिच्यावर दोन कप ठेवून, दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला.

“जमला की मला,” मिस्त्री म्हणाले, आणि बाई तोंडावर हात धरून हसल्या.

हसता हसता त्या थांबल्या. पडद्यापलीकडून आवाज येत होता. कुणीतरी घोरत होतं, सावकाश, एका लयीत, भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस घोरतो तसं. तो आवाज बाईंना चांगला ओळखीचा होता. उशीला उशी लावून त्यांनी तो जन्मभर ऐकला होता. त्याच्या शेजारी आणखी एक श्वास होता, हलका, बाईमाणसाचा. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री त्यांच्या शेजारीच उभे होते, हातात रिकामा कप, मिशीला चहा लागलेला, आणि त्यांनाही ते ऐकू येत होतं.

मिस्त्रींचा हात पडद्याकडे गेला. बाईंनी तो धरला.

“नको,” त्या म्हणाल्या. “झोपू द्या त्यांना. दमलीत.”

मिस्त्रींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. गाडीत कप दोनच होते. बाईंनी ते पुन्हा विसळले, पातेल्यात उरलेला चहा दोन्हींत सारखा ओतला, वरून दूध ओतलं, एकात अर्धा चमचा साखर घातली, बशा झाकल्या आणि फळीवर शेजारी शेजारी ठेवले. मग दोघं चपला हातात घेऊन, दाराचा आवाज होऊ न देता खाली उतरली.

बाहेर गार होतं. रस्ता टेकडीवरून खाली उतरत होता आणि उजेड वाढत होता. मिस्त्रींनी बाईंचा हात अजून सोडला नव्हता. “आता कुठे जायचं?” त्यांनी हळूच विचारलं.

“चला तर खरं,” बाई म्हणाल्या, आणि चालायला लागल्या. मागे गाडीत पलंग करकरला; कुणीतरी उठत होतं. बाईंनी वळून बघितलं नाही. आता ती पडदा सारेल, बशी उचलेल, वाफ बघेल, आणि तिला वाटेल, यांनीच केला.